सुळा सांभाळत नाशिक

या गं, पुढे या. उंबऱ्यात उभं राहून काय विचारता, "अक्का, नाशिकला काय काय पाहिलं?" आधी बसा. आणि रागावू नका, पण तुमचं जरा चुकलंच. मी पाच दिवसांसाठी म्हणून गेले ती दीड महिन्याने परत आले, तर एकीनेही विचारलं नाही की बाई, कुठे अडकलीस? सगळ्यांचा एकच धोशा, रामकुंड पाहिलं का आणि पंचवटी पाहिली का. पाहिलं हो, सगळं पाहिलं. पण ते तुम्ही कधीही जाऊन पाहाल. मी जे नाशिक पाहिलं ते एका दातामागे फिरत पाहिलं, आणि तसं ते कुणी दाखवणार नाही. म्हणून लिहूनच काढलंय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचन फरसाणाच्या पुड्यांचे कागद सुटे करून झालेलं. तेव्हा शुद्धलेखनाला हसायचं नाही.

बुधवार. सिडकोत पोचले

माझी धाकटी बहीण मालू नाशिकला सिडकोत राहते. तिचा मुलगा सतीश दातांचा डॉक्टर आहे. खाली दवाखाना, वर घर. मी आपल्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन केला होता की वरचे दात हलतात, चावता येत नाही. तो म्हणाला, "मावशी, बार्शीत कुणाच्या हाती तोंड देऊ नकोस. इकडे ये."

एसटीचा प्रवास काय सांगायचा. बसले, उतरले. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईने गरम भजी घेतली आणि माझ्या मांडीवर कागद ठेवून खाल्ली, एवढंच लक्षात आहे.

पोचल्या पोचल्या सतीशने मला खुर्चीत बसवलं, तोंडात बॅटरी मारली आणि बराच वेळ हं, हं करत राहिला.

"मावशी, नीट ऐक. वर तुझे तीन दात उरलेत. दोन सोमवारी काढू. हा डावीकडचा सुळा मात्र तग धरून आहे. थोडा हलतो, पण चालेल. त्याला तार अडकवून छोटी कवळी बसवतो. टाळू मोकळी राहील."

"आणि सुळाच गेला तर?"

"मग अख्खी कवळी. टाळू झाकणारी."

आपल्या शांताकाकूंनी तसली कवळी बसवली तेव्हापासून त्यांना श्रीखंड आणि वरण एकच लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला एक वेळ जेवण नाही मिळालं तरी चालतं. पण चारच्या चहाला काहीतरी खमंग, तिखट, तेलकट, डॉक्टरांनी नको म्हटलेलं, एवढं लागतंच. तेच बेचव झालं तर मी दुपारी उठायचं कशासाठी? माझा चिवडा, माझी शेव, माझी शेंगाचटणी, सगळं त्या एका सुळ्याला टांगलेलं होतं.

"सोमवारपर्यंत कडक काही नाही," सतीश म्हणाला. "पेज, भात, केळं. तो दात मला शाबूत हवाय."

वर आले तर मालू ओट्याशी उभी. मी बार्शीहून तिच्यासाठी कडक भाकऱ्यांची चळत नेली होती. तिने ती उघडली आणि माझ्यासमोर उभ्याने कडाड करून एक मोडली. सख्खी बहीण हो!

"मालू, जीव घेतेस का माझा?"

"अक्का, तो कडक नको म्हणाला ना? खमंग नको असं कुठे म्हणाला? आपण मऊ करून खाऊ."

आणि तिने दोन कप चहा ओतला, त्यात मूठभर चिवडा टाकला आणि वर चमचा ठेवून माझ्या हातात दिला. आपल्याकडे चहाबरोबर चिवडा खातात. चहात बुडवलेला चिवडा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. वर तेलाचे डोळे तरंगत होते, शेंगदाणे तळाला गेले होते. मला शिसारी आली. तरी पहिला चमचा घेतला. नंतर आम्ही दोघींनी कप बोटाने पुसून काढले, एवढं सांगते आणि थांबते.

गुरुवार. चिवड्याच्या दुकानात

मालूचे यजमान गेल्यापासून ती घरात एकटीच खाते, सतीश दिवसभर खाली. एकट्या माणसाला काय काय सुचतं ते तिच्या डब्यांवरून कळतं. सकाळी तिने मला केळ्याच्या चकत्यांवर बारीक शेव आणि चाटमसाला घालून दिला. म्हणाली, "केळ्याला परवानगी आहे. शेव आपली सोबतीला आलीय." मग दोन मिनिटांत शिजतात त्या शेवयांचं पाकीट तिने न शिजवताच चुरलं, कांदा, लिंबू आणि दही घालून अर्धा तास झाकून ठेवलं. दही जिरलं की ते गोळा होतं, चावावं लागत नाही. चव? मुलांची पार्टी आणि बारशाची कोशिंबीर एकत्र झाल्यासारखी.

दुपारी आम्ही मेनरोडला चिवड्याच्या दुकानात गेलो. पोत्यापोत्यांनी चिवडा. पातळ पोह्यांचा, मक्याचा, बटाट्याच्या किसाचा, कांदा तळून घातलेला. वास असा की रस्त्यावरून जाणारी माणसं उगाच वळत होती. मी गल्ल्यावरच्या गृहस्थाला नम्रपणे विचारलं, "भाऊ, सादळलेला आहे का?"

त्याने हातातला कागदच खाली ठेवला. "काय म्हणालात आजी?"

"सादळलेला. मऊ पडलेला. दोन-तीन दिवसांचा."

"आजी, माझ्या आजोबांपासून दुकान आहे. आजवर कुणी असं बोललं नाही. चिवडा सादळलेला निघाला म्हणून परत करायला येतात लोक, मागायला नाही येत."

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मालूने मध्ये पडून दाताची सगळी कथा सांगितली. तो ऐकत राहिला, मग त्याने अर्धा किलो ताजा चिवडा बांधला आणि माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाला, "घरी न्या, पिशवीचं तोंड उघडं ठेवा, खिडकीत ठेवा. परवापर्यंत पडेल मऊ. पण मला कळवू नका."

शुक्रवार. मिसळ, आणि तिच्यासोबत पापड

नाशिकला मिसळीबरोबर पापड देतात हे तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. आपल्याकडे मिसळ म्हणजे उसळ, शेव, कांदा आणि पाव. तिथे ताटलीच्या कडेला तळलेला पापड उभा करतात, पाहुण्याला पाट मांडावा तसा. मी म्हटलं, "हे कशाला?" मालू म्हणाली, "अगं, त्याशिवाय मिसळ कशी?" जणू मीच येडी.

आम्ही पापडाचे तुकडे रश्शात सोडले आणि ते मऊ पडायची वाट बघत बसलो. आजूबाजूची माणसं घामाघूम होऊन खात होती, आणि आम्ही दोघी ताटलीकडे टक लावून, ग्रहण सुटायची वाट बघितल्यासारख्या. पण मला दम कुठला. वरून मऊ दिसणारा एक तुकडा मी तोंडात टाकला. मधे तो कडक होता. सुळ्याखाली कट्कन आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मालू, हलला गं!"

"तिखट लागलं असेल."

"तिखट नाही, दात हलला!"

मी जिभेने चाचपत होते, तेवढ्यात दारातून कोण आत यावं? सतीश, बरोबर त्याचे दोन डॉक्टर मित्र. मालूने पदर तोंडावर ओढला. मी मेनूचा पुठ्ठा धरला, तोही उलटा. तो आमच्यामागच्या टेबलावर बसला. आम्ही खाली बघत राहिलो. पाच मिनिटांनी वेटर आमच्यासमोर दोन वाट्या दही ठेवून गेला. म्हणाला, "मागच्या साहेबांनी सांगितलंय, दोन्ही आज्यांना मऊ द्या."

घरी आल्यावर त्याने मला खुर्चीत बसवलं. फक्त बॅटरी मारली, सुळ्याला बोट लावून पाहिलं आणि उसासा टाकला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवार. पिंपळगाव बसवंत

मला घराबाहेर ठेवलेलं बरं, म्हणून मालू मला तिच्या ओळखीच्या हौसाबाईंच्या मळ्यावर घेऊन गेली. महामार्गाला लागलो की दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, त्यांची हिरवी छपरं अगदी डोंगरापर्यंत, आणि मधूनच कांद्याच्या गोण्या लादलेले टेम्पो. आपल्या कोरड्या मुलखातून गेलेल्या माणसाला ते हिरवं बघून तहानच भागल्यासारखी वाटते.

हौसाबाईंनी हिरवी आंबट द्राक्षं, मिरची, कांदा आणि मीठ पाट्यावर ठेचून दिलं. मी बोटाने चाटत होते. त्यांनी माझ्या दाताची कथा ऐकली आणि मोठ्याने हसल्या. तोंडात एक दात नाही!

"एका दातासाठी एवढं जीवाला लावून घेती व्हय आक्का? माझं बघ, सगळं बोळकं हाय. तरी फुटाणे खाते म्या."

"ते कसे?"

"गालात धरायचे. दुपारपत्तूर भिजत्यात. मला कुठं गाडी धरायचीय?"

बाई लय सुखी वाटल्या मला. पण त्यांची टाळू मोकळी होती ना. माझी भीती तिथेच होती.

रविवार. पगारेवहिनींची गच्ची

आता खरं काय ते ऐका. उद्याच सोमवार. एक दिवस सांभाळायचा होता, फक्त एक.

मालूच्या समोर पगारेवहिनी राहतात. शाळेत शिकवतात, आवाजही तसाच. त्यांच्या गच्चीवर कॉलनीतल्या सात-आठ बायका उडदाचे पापड करायला जमल्या होत्या. उन्हात जुन्या साड्या अंथरलेल्या, पोळपाट मांडलेले, आणि मधे तेल लावून कुटलेल्या पिठाचा गोळा. मालू म्हणाली, "चल अक्का, बसून राहा नुसती. आणि कच्च्या लाट्या काही कडक नसतात."

बायांनो, कच्ची लाटी! तेलात बुडवून, मिरे आणि पापडखार जिभेला चरचरतोय, अशी. पापड म्हणजे लाटी खायचं निमित्त असतं, हे आपण सगळ्या जाणतो आणि कुणी कबूल करत नाही. पगारेवहिनींनी तर सुरुवातीलाच दम भरला होता, "लाट्या मोजून करायच्यात. कुणी तोंडात टाकायची नाही. मागच्या वर्षी पाव किलो पीठ कुठे गेलं, मला अजून कळलेलं नाही." सगळ्या बायका अगदी साळसूद चेहऱ्याने लाटत होत्या.

मला नुसतं बसवेना. मी म्हटलं, "मी लाट्या कापते." आपल्याकडे पिठाची सुरळी कापायला दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात, दुसरं हातात. मी आपला पाय पुढे केला. पगारेवहिनींनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"अहो अक्का, पाय कशाला खाण्याच्या वस्तूत? आमच्याकडे दोरा दातात धरतात."

आता पाहुणी म्हणून गेलेली मी. बार्शीच्या बायका पायाने पापड करतात, असं कॉलनीभर झालं असतं. मी पाय पोटाशी घेतला आणि दोरा दातात धरला. हलत्या दोन दातांवर भरवसा नव्हता. भरवशाचा होता तो सुळा. त्याच्यातच धरला.

पहिल्या चार सुरळ्या सुरेख कापल्या गेल्या. वहिनी म्हणाल्या, "बघा, जमतंय की." मला चेव आला. पाचव्या सुरळीला पीठ जरा घट्ट होतं, मी हिसका दिला. हात मोकळा आला, दोरा मोकळा आला, आणि जिभेने चाचपलं तर डावीकडे खड्डा.

"मालू," मी म्हटलं, "माझा सुळा गेला."

"कुठे गेला?"

"लाट्यांत."

सात पोळपाटांवरची सात लाटणी थांबली. मग पगारेवहिनी उभ्या राहिल्या. "कुणी जागचं हलायचं नाही! परातीतली एकेक लाटी दाबून बघा. आणि आता खरं सांगायचं, अक्कांनी कापायला घेतल्यापासून कुणी कुणी लाटी खाल्लीय?"

सगळ्या आपापल्या पोळपाटाकडे बघायला लागल्या. शेवटी एक सून म्हणाली, "मी... एकच."

"एकच?"

"तीन."

मग काय, एकेकीने हात वर केला. कुणी दोन, कुणी चार. पलीकडच्या देशमुखकाकूंनी पाच सांगितल्या, आणि त्यांना रक्तदाबासाठी मीठ बंद होतं. मालूने मान खाली घालून सांगितलं, "मी मोजल्या नाहीत." सगळ्यांची नजर पगारेवहिनींकडे गेली. त्या लालबुंद झाल्या. "मी चव बघायला खाल्ल्या. पिठाचं मीठ बघावं लागतं."

"किती वेळा बघितलं मीठ?" मालूने विचारलं.

"सहा वेळा."

हसता हसता बायका गच्चीवर आडव्या झाल्या. मला मात्र हसू येईना. कुणीतरी सतीशला हाक मारली. तो चिमटा घेऊन वर आला, पांढरा कोट घालून, पापडांच्या मधून पाय चुकवत. परात पाहिली, पोळपाट पाहिले, आणि मग तेलाच्या वाटीत चिमटा घातला. तळातून माझा सुळा वर आला. तेलात न्हालेला, चकचकीत.

त्याने तो उन्हात धरला. "मुळासकट आलाय. मावशी, मला हेच करायला सुई द्यावी लागते."

"परत बसवता येईल का रे?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा मात्र मी रडले. एवढ्या बायकांत, हातांना पीठ, तोंडात सतीशने कोंबलेला कापूस, आणि रडले. पगारेवहिनी जवळ येऊन बसल्या आणि पदराने माझं तोंड पुसत म्हणाल्या, "अक्का, मीच सांगितलं दातात धरा. मला काय माहीत हो?" मी कापसातून म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. मीच सुळ्याला जास्त शहाणा समजले."

पुढचे दिवस

हिरड्या भरायच्या, नवं माप घ्यायचं, अख्खी कवळी करून यायची. पाचाचे पंचेचाळीस दिवस झाले ते असे. त्या दिवसांत मी पेज प्यायले आणि दुसरं काही झालं नाही, म्हणून ते सोडून देते. फक्त एक. मालू त्या दिवसांत माझ्यासमोर कडक काही खात नव्हती. माझ्याबरोबर पेजच पीत होती. सांगितलं नाही तिने, मी पाहिलं.

कवळी बसली. आरशात मी दहा वर्षांनी लहान दिसले आणि बोलताना शिट्टी वाजायला लागली. टाळूवर गुलाबी पत्रा. पहिल्या दिवशी वरण खाल्लं, पाणी लागलं. दुसऱ्या दिवशी चिवडा भिजवून खाल्ला, कागद लागला. मी कवळी काढून पेल्यात टाकली आणि म्हटलं, "सतीश, ने हे. मला नको." तो म्हणाला, "मावशी, चव जिभेला असते. तिला थोडे दिवस दे." डॉक्टर लोक असंच बोलतात. मी भिंतीकडे तोंड करून निजले.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मालूने मला गंगेवर नेलं. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. घाटावर भेळेची गाडी होती. मालू म्हणाली, "शेवटचं बघ. नाही लागली तर मी पुन्हा म्हणणार नाही." भेळवाल्याने कागदाच्या पुड्यात ओली भेळ दिली. मी कडेला उभी राहून घास घेतला. कागद. दुसरा घास. कागदच. तिसऱ्या घासात जिभेच्या कडेला एक हिरवी मिरची सापडली आणि कानापर्यंत जाळ गेला. त्या जाळामागून चिंच आली, मग कच्चा कांदा, मग शेव. एकामागून एक, ओळीने, जणू गाडी उशिरा आली पण सगळे उतरले.

"लागलं!" मी ओरडले. "मालू, लागलं गं! तिखट लागलं!"

माझ्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. भेळवाला घाबरला. "आजी, पाणी देऊ का? चुकून मिरची जास्त पडली."

"पाणी नको बाबा," मी म्हटलं, "अजून घाल."

मालू हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि तिने तर मिरची खाल्लीच नव्हती.

तर असं माझं नाशिक. आता मी घरी आहे, तोंडात पूर्ण बत्तिशी आहे आणि दुपारचा चहा चारलाच होतो. तुम्ही लांबून विचारपूस करू नका. या. एकेकट्या या किंवा जथ्याने या, पण लवकर या, पिशवीत काही खमंग असलं तर आजच या. फक्त दार वाजवलंत आणि आतून आवाज आला नाही, तर परत फिरू नका. थोडं थांबा. मला दात घालायला वेळ लागतो.